चांगला हेडफोन कोणता?

अशी कल्पना करा की तुम्ही एका दुकानात उभे आहात. समोर काचेवर दोन हेडफोन मांडून ठेवले आहेत. दुकानदार पहिला तुमच्या डोक्यावर चढवतो आणि एक गाणे लावतो. छान वाटते. मग तो दुसरा चढवतो आणि तेच गाणे पुन्हा लावतो. आता तबल्याचा बायाँ अधिक घुमतो, तंबोरा अधिक झणकारतो, गायिकेचा आवाज जणू पुढे येतो. "हा दुसरा फारच चांगला आहे!" असे तुम्ही म्हणता. दुसरा पहिल्यापेक्षा दुप्पट महाग असतो. दुकानदार हसतो.

तुमचे मत खरे होते का? कदाचित असेल. पण कदाचित तो दुसरा हेडफोन फक्त थोडासा मोठ्याने वाजत असेल! एवढ्याशा फरकाने आपले कान कसे फसतात, हेडफोन आतून कसा चालतो, तो डोक्यावर नीट बसणे आणि नीट ऐकू येणे या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या आहेत, आणि दोन हेडफोनांची न्याय्य तुलना करायची तर ती कशी करावी, हे आज आपण पाहू या. जगातले काही अतिशय महाग हेडफोन आपण उदाहरणादाखल घेणार आहोत. ते विकत घ्यावेत म्हणून नव्हे. अशा वस्तू बनवताना अभियंत्यांनी पैशाची फारशी काटकसर केलेली नसते. त्यामुळे तिथे ज्या अडचणी उरतात त्या निसर्गनियमांच्याच असतात, आणि त्या आपल्याला स्पष्ट दिसतात.

मोठा आवाज आणि चांगला आवाज

आवाजाची पातळी डेसिबेल या एककात मोजतात. हे एकक जरा चमत्कारिक आहे. पातळी १० डेसिबेलने वाढली तर ध्वनीची ऊर्जा १० पट होते; ३ डेसिबेलने वाढली तर सुमारे दुप्पट होते; आणि १ डेसिबेलने वाढली तर सव्वापट होते. एक डेसिबेलचा फरक इतका लहान असतो की "आवाज वाढला" असे आपल्याला सहसा जाणवत नाही. पण "आवाज अधिक भरदार, अधिक स्पष्ट आहे" असे मात्र वाटू शकते!

याचे एक कारण १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांच्या प्रयोगांतून पुढे आले. आपला कान सर्व सुरांना सारखाच न्याय देत नाही, असे त्यांनी मोजून दाखवले. माणसाला साधारणपणे २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. यांतील मधल्या पट्ट्यातले, विशेषतः ३,००० ते ४,००० हर्ट्झचे ध्वनी आपल्याला अगदी हळू असले तरी ऐकू येतात. खर्जातले, म्हणजे कमी वारंवारतेचे ध्वनी मात्र बरेच मोठे असावे लागतात. पण एकंदर आवाज वाढवत नेला की हा भेदभाव कमी होतो आणि खर्ज जोर धरू लागतो. म्हणून तेच गाणे, त्याच हेडफोनवर, नुसते मोठ्याने वाजवले तरी खर्ज अधिक भरलेला वाटतो.

आता दुकानातल्या प्रसंगाकडे वळू. दोन हेडफोन एकाच यंत्राला, एकाच बटणावर जोडले तर दोघांचा आवाज सारखाच येईल, असे तुम्हाला वाटेल. तसे होत नाही. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने २००९ साली काढलेला एचडी ८०० हा हेडफोन एक मिलिवॉट विद्युतशक्ती दिली तर सुमारे ९७ डेसिबेल आवाज देतो. हायफायमन कंपनीने २०१७ साली काढलेला सुस्वरा हा हेडफोन तेवढ्याच शक्तीवर फक्त ८३ डेसिबेल देतो. (नाव वाचून चमकलात ना? 'सुस्वर' हा आपल्या ओळखीचाच संस्कृत शब्द आहे.) फरक झाला १४ डेसिबेलचा. म्हणजे दोघांचा आवाज सारखा करायचा तर सुस्वराला सुमारे २५ पट शक्ती द्यावी लागेल. बटणाला हात न लावता या दोघांची तुलना करणे म्हणजे एका धावपटूला शंभर मीटर आणि दुसऱ्याला दोनशे मीटर पळायला लावून वेळ मोजण्यासारखे आहे.

तेव्हा पहिला नियम लक्षात ठेवा: तुलना करण्यापूर्वी दोन्ही हेडफोनांचा आवाज सारख्या पातळीवर आणा.

पडदा हलवण्याच्या तीन तऱ्हा

हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो. तो पुढेमागे हलतो, समोरची हवा दाबली जाते आणि विरळ होते, आणि या ध्वनिलहरी आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. सगळे कौशल्य या हेडफोनच्या पडद्याला विद्युत्प्रवाहाच्या हुकमाप्रमाणे तंतोतंत हलवण्यात आहे. त्याच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत.

पहिल्या तऱ्हेत पडद्याच्या मागे तारेचे एक लहान वेटोळे चिकटवलेले असते, आणि ते एका चुंबकाच्या खाचेत बसते. वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र त्याला पुढे किंवा मागे ढकलते. शाळेत तुम्ही विद्युतचुंबकाचा प्रयोग केला असेल, तत्त्व तेच. बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कारखान्याने १९३७ साली 'डीटी ४८' हा असा हेडफोन बाजारात आणला. आजही बहुतेक हेडफोन याच जातीचे आहेत. यात एक अडचण येते. धक्का बसतो तो वेटोळ्याजवळ. पण वेटोळ्यापासून दूर असलेला पडद्याचा भाग थोडा मागे राहतो, वाकतो, स्वतःच्या मनाने थरथरतो. ताटाच्या मध्यावर टिचकी मारली की कडा कशा थरथरतात तसेच. एचडी ८०० मध्ये सेनहायझरच्या अभियंत्यांनी पडदा थाळीसारखा न करता कडीसारखा केला. त्याचा व्यास ५६ मिलिमीटर आहे, पण मधला भाग काढून टाकलेला असल्याने पडद्याचा कोणताच भाग वेटोळ्यापासून फार दूर राहत नाही.

दुसऱ्या तऱ्हेत वेटोळे नसतेच. एका पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूच्या बारीक पट्ट्या नागमोडी उमटवतात आणि तो पापुद्रा चुंबकांच्या रांगेसमोर ताणून बसवतात. आता जोर एका ठिकाणी न लागता जवळजवळ सगळ्या पडद्यावर सारखा लागतो. सुस्वरा हा या जातीचा. पण एवढ्या मोठ्या पडद्याला पुरेल इतके चुंबक लावायचे म्हणजे वजन आले. एचडी ८०० चे वजन वायर सोडून ३३० ग्रॅम आहे. सुस्वराचे ४५० ग्रॅम. अमेरिकेच्या ऑडेझी कंपनीने २०१५ साली काढलेला एलसीडी-४ हा याच जातीचा हेडफोन तर सातशे ग्रॅमच्या आसपास भरतो.

तिसरी तऱ्हा सर्वांत गमतीची. कोरड्या केसांवरून कंगवा फिरवून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून चिकटतात, हे तुम्ही करून पाहिले असेल. हीच स्थिर विद्युत जपानच्या स्टॅक्स कंपनीने कामाला लावली. १९६० साली तिने आपला या जातीचा पहिला हेडफोन विक्रीस आणला. यात एक-दोन मायक्रॉन जाडीचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधोमध ताणलेला असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या पडद्याच्या पातळपणाची कल्पना येईल. पडद्यावर विद्युतभार दिलेला असतो. पत्र्यांवरील विद्युतदाब गाण्याप्रमाणे बदलतो आणि पडदा कधी या पत्र्याकडे तर कधी त्या पत्र्याकडे ओढला जातो. २०११ साली निघालेल्या स्टॅक्स एसआर-००९ मध्ये पडद्याला ५८० व्होल्टचा दाब द्यावा लागतो. त्यासाठी वेगळे खास यंत्र लागते. तुमच्या फोनला तो जोडून काही उपयोग नाही. शिवाय एवढ्या दाबाचे यंत्र आत काय आहे ते पाहण्यासाठी उघडायचा मोहही टाळायला हवा.

यांतली श्रेष्ठ तऱ्हा कोणती? तुम्ही म्हणाल, ज्याचा पडदा सर्वांत हलका ती. पण थांबा. पडदा हलका असणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेला अर्धा हेडफोन तुमच्याजवळच आहे. तो म्हणजे तुमचा कान!

कान हा हेडफोनचाच भाग

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते. पोकळीतली हवा आपल्या आवडीच्या वारंवारतेला जोराने साथ देते. याला अनुनाद म्हणतात. आपली कर्णनलिका हीसुद्धा अशीच एक पोकळी आहे: एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला कानाच्या पडद्याने बंद. तिची लांबी सुमारे २.५ सेंटिमीटर असते. अशा नळीत नळीच्या चौपट तरंगलांबीचा ध्वनी घुमतो. म्हणजे १० सेंटिमीटर. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला तर वारंवारता येते ३,४०० हर्ट्झ. प्रत्यक्षात ती ३,००० च्या जवळ असते, कारण कर्णनलिका काही काचेच्या नळीसारखी सरळ आणि कडक नसते. कान ३,००० ते ४,००० हर्ट्झला इतका तिखट का असतो, याचे एक कारण इथे सापडले ना?

आता गंमत पाहा. जन्मापासून आपण सगळे आवाज या नळीतून आणि कानाच्या पाळीच्या वळणांवरून आलेलेच ऐकतो. मेंदूला त्याची सवय असते. त्यामुळे एखाद्या हेडफोनने सर्व वारंवारता कानाच्या पडद्यापाशी अगदी समसमान पोचवल्या, तर तो आवाज आपल्याला 'खरा' वाटणारच नाही. मंद आणि अंगावर घोंगडी टाकल्यासारखा दबका वाटेल! मग हेडफोनने काय पोचवावे? अमेरिकेतील हार्मन कंपनीचे शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ पासून पुढे अनेक श्रोत्यांवर प्रयोग करून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. चांगल्या खोलीत चांगल्या लाऊडस्पीकरचा आवाज कानाच्या पडद्यापाशी जसा पोचतो, तसाच आवाज पोचवणारा हेडफोन बहुतेकांना पसंत पडतो, असे त्यांना आढळले.

पण प्रत्येकाची कानाची पाळी आणि नलिका सारखी नसते. म्हणून एकच हेडफोन दोघा भावांना थोडा वेगळा ऐकू येऊ शकतो, आणि त्यात कोणीही खोटे बोलत नसतो.

पोकळ्यांचा खेळ एवढ्यावर संपत नाही. हेडफोनची वाटी, तिची गादी, पडदा आणि तुमचा कान मिळून आणखी एक लहानशी खोली तयार होते. ६,००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी काढा बरे. ३४० भागिले ६,००० म्हणजे सुमारे ५.७ सेंटिमीटर. ही तर त्या वाटीच्याच मापाची झाली! एचडी ८०० च्या आवाजात ६,००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा आहे. त्यामुळे 'स', 'श' यांसारखे उच्चार आणि झांजांचा आवाज काहींना टोचतो. २०१६ साली निघालेल्या एचडी ८०० एस या सुधारित आवृत्तीत अभियंत्यांनी एक छोटी शोषक पोकळी बसवली. ती नेमक्या त्या वारंवारतेची ऊर्जा स्वतः घुमून गिळून टाकते. बाटलीच्या घुमण्यातून निर्माण झालेली अडचण दुसऱ्या बाटलीने सोडवली, असे म्हणा ना!

दुखणारा हेडफोन

आता सोयीकडे वळू. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ हा हेडफोन काढला. त्यापूर्वीचे चांगले हेडफोन जाड, बंद वाट्यांचे असत. एचडी ४१४ ला उघड्या पाठीच्या वाट्या आणि पिवळ्या स्पंजच्या गाद्या होत्या. कानाला हवा लागे. १९७९ साली सोनीने वॉकमन आणला तेव्हा त्याबरोबरचा हेडफोन अवघ्या ५० ग्रॅमच्या आसपास होता. हेडफोन डोक्यावर घेऊन माणसे रस्त्यात हिंडू लागली ती या हलकेपणामुळे.

पण हलका हेडफोनसुद्धा दुखतो. असे का? इथे आपल्याला दाबाचे सूत्र उपयोगी पडेल: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

समजा, हेडफोन डोक्याला दोन्ही बाजूंनी ४ न्यूटन बलाने धरून ठेवतो. गादी लहान असून ती थेट कानाच्या पाळीवर १० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकते. मग दाब झाला ४,००० पास्कल. हे पाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ३० मिलिमीटर. आपल्या त्वचेतील केशवाहिन्यांत रक्ताचा दाब साधारण १५ ते ३५ मिलिमीटर असतो. म्हणजे बाहेरचा दाब रक्ताच्या दाबाला भिडला! तिथले रक्त नीट फिरत नाही, पाळी लाल होते, दुखू लागते. तीच पकड मोठ्या गादीने कानाभोवती ४० चौरस सेंटिमीटरवर पसरली तर दाब उरतो १,००० पास्कल. बल तेच, पण तासभर बसले तरी त्रास नाही.

डोक्याच्या माथ्यावरही हाच हिशेब. सातशे ग्रॅमच्या हेडफोनचे वजन सुमारे ७ न्यूटन. ते अरुंद पट्टीवर १० चौरस सेंटिमीटरमध्ये पडले तर दाब ७,००० पास्कल. रुंद चामडी पट्ट्यावर ७० चौरस सेंटिमीटरमध्ये पसरले तर १,००० पास्कल. पाण्याचा हंडा डोक्यावर घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते ती याचसाठी. वजनदार हेडफोन बनवणारे कारखाने माथ्यावर असा झोळीसारखा पट्टा देतात; ती त्यांची चुंबळच म्हणायची. मात्र चुंबळीने वजन कमी होत नाही, नुसते पसरते. मान तर सगळेच वजन पेलते. म्हणूनच ऑडेझीने पुढे एलसीडी-४ चाच मॅग्नेशियमच्या हलक्या वाट्यांचा भाऊ काढला.

मग पकड अगदी सैल ठेवली तर? इथे सोय आणि आवाज एकमेकांना येऊन मिळतात. सायकलच्या पंपातला वॉशर झिजला की दांडा कितीही दाबा, हवा बाजूने निसटते आणि चाक भरत नाही. हेडफोनचा पडदा हासुद्धा एक छोटा पंपच आहे. गादी आणि गाल यांत फट राहिली की खर्जाच्या संथ लहरींची हवा त्या फटीतून निसटते आणि खर्ज नाहीसा होतो. बंद वाट्यांच्या हेडफोनमध्ये हे विशेष जाणवते. चष्म्याची काडी, दाट केस, अगदी कानातले डूलसुद्धा अशी फट पाडू शकतात. चष्मा लावणाऱ्या मित्राला तोच हेडफोन 'पोकळ' वाटला तर आश्चर्य नको. शिवाय काडी गादीखाली दबते आणि सगळा दाब त्या बारीक रेषेवर येतो, म्हणून त्याला दुखतेही अधिक.

गादीचे कापडही असेच दोन धन्यांची चाकरी करते. चामड्यासारखी गादी फट बुजवते, पण आत घाम येतो. मखमली गादी थंड असते, पण तिच्यातून हवा थोडी पाझरते आणि खर्ज उतरतो. वापरून गादी चेपली की पडदा कानाच्या जवळ येतो, मधली पोकळी लहान होते आणि आवाज बदलतो. पाच वर्षांपूर्वी घेतलेला हेडफोन 'बिघडला' असे वाटते तेव्हा पुष्कळदा फक्त गादी बदलायची असते.

डोळे बांधून परीक्षा

वजन, किंमत, नाव, चकाकी यांचाही आपल्या मतावर परिणाम होतो. जड आणि महाग वस्तू हाती आली की ती चांगलीच असणार, असे मन आधीच ठरवून टाकते. म्हणून शास्त्रज्ञ परीक्षा घेतात ती श्रोत्याला काय वाजते आहे हे न कळू देता.

हेडफोनच्या बाबतीत हे अवघड आहे. लाऊडस्पीकर पडद्याआड लपवता येतो. डोक्यावर चढवलेला हेडफोन कसा लपवणार? डोळे बांधले तरी वजन आणि पकड चुगली करणारच. ऑलिव्ह आणि वेल्टी यांनी यावर एक युक्ती काढली. त्यांनी निरनिराळ्या हेडफोनांचा आवाज आधी मोजून घेतला. मग एकाच हेडफोनमधून, गाण्यातील वारंवारतांची पातळी कमीजास्त करून, बाकीच्यांची नक्कल वाजवली. श्रोत्याच्या डोक्यावर सारा वेळ तोच हेडफोन. बदलत होता फक्त आवाज. अशा रीतीने आवाजाची परीक्षा सोयीपासून आणि किमतीपासून वेगळी काढता आली.

आणि किंमत? २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापे तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या वारंवारतेला किती आवाज येतो, हा समतोल आणि किंमत यांत त्यांना काहीच संबंध आढळला नाही. एचडी ८०० निघाला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १,४०० डॉलर होती. सुस्वराची ६,००० डॉलर. जास्त पैशांत चांगले साहित्य, सुबक बांधणी, अंगभूत दोष कमी करण्याची मेहनत हे सारे मिळू शकते. पण तुमच्या कानाला जो सुरांचा समतोल भावेल तो दुप्पट पैशात दुप्पट मिळेल, असे नाही. घरच्या साध्या हेडफोनबद्दल कोणी नाक मुरडले तर हे ध्यानात असू द्या.

सर्वांत महाग भाग

आपण पाहिलेले एचडी ८००, सुस्वरा आणि एसआर-००९ हे तिन्ही उघड्या पाठीचे आहेत. शांत खोलीत ते मोकळे, प्रशस्त वाटतात. पण तेच बसमध्ये घेऊन बसा. बाहेरचा गोंगाट सरळ आत येईल आणि गाणे ऐकू यावे म्हणून तुम्ही आवाज वाढवत न्याल. तिथे बंद वाट्यांचा साधा हेडफोनच अधिक 'चांगला', कारण तो गोंगाट अडवतो आणि आवाज कमी ठेवता येतो.

हे महत्त्वाचे का आहे ते सांगतो. आपल्या अंतःकर्णात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांत रूपांतर त्यांच्यामुळे होते. फार मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्याला ८० डेसिबेल आवाज ४० तासांपर्यंत ऐकला तर धोका नाही. पण आवाज ३ डेसिबेलने वाढला की ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, आणि ९२ ला फक्त अडीच तास. लहान मुलांनी तर याहूनही जपायला हवे. हेडफोन काढल्यावर कानात गुणगुण ऐकू आली तर आवाज जास्त होता, असे समजा.

हेडफोनची गादी बदलता येते, वायर बदलता येते, सगळा हेडफोनच नवा आणता येतो. केशपेशी कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

करून पाहा

१. पुठ्ठ्याची हेडफोनच्या गादीएवढी तबकडी कापा. मधोमध छोटे भोक पाडून त्यात फोनचा मायक्रोफोन येईल असे धरा आणि तबकडी गादीवर टेकवा. आवाज मोजण्याचे ॲप लावून १,००० हर्ट्झचा एकच सूर वाजवा. दोन्ही हेडफोनांवर आकडा सारखा येईपर्यंत आवाज कमीजास्त करा आणि त्या खुणा लिहून ठेवा. हे माप ढोबळ आहे, पण दुकानातल्या तुलनेपेक्षा पुष्कळ बरे. सूर वाजत असताना हेडफोन कानाला लावू नका.

२. आता ओळखीचे गाणे ऐका. तंबोरा आणि तबला असलेले मिळाले तर उत्तम. तबल्याच्या शाईमुळे त्याचे अधिस्वर मूळ सुराशी सुरेल नाते राखतात, हे सर सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली दाखवले होते. ते अधिस्वर कोणत्या हेडफोनवर सुटे सुटे ऐकू येतात? बायाँची घुमार कोणावर टिकते?

३. मित्राला तुमच्या पाठीमागे उभे करा. तुम्ही डोळे मिटा. त्याने नाणे उडवून छापा आला तर पहिला आणि काटा आला तर दुसरा हेडफोन तुमच्या कानांसमोर, डोक्याला न टेकवता धरावा. असे दहा वेळा करा आणि कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये फक्त ११ आहे. तेव्हा तुम्ही नऊ वेळा ओळखलेत तर फरक खरोखर ऐकू येतो आहे, असे म्हणायला हरकत नाही. पाच-सहाच आले तर? मग ज्याने कान कमी दुखतात तो घ्या! मात्र डोक्यावर नीट न बसलेल्या हेडफोनचा खर्ज निसटतो, हे आपण पाहिलेच आहे. त्यामुळे या प्रयोगात फक्त वरच्या सुरांविषयी मत द्या.

४. शेवटी घड्याळ लावून एकेक हेडफोन पाऊण तास, बेताच्या आवाजात घालून बसा आणि कुठे टोचते, कुठे घाम येतो ते वहीत लिहा. पहिल्या दोन मिनिटांत लिहिलेले मत आणि पाऊण तासानंतरचे मत शेजारी शेजारी ठेवून वाचा. दुकानात आपल्याला फक्त पहिलेच मत देता येते. दुसरे मिळवण्यासाठी लागतो तो वेळ, आणि तो मात्र आपल्या सर्वांकडे आहे.